मागे राहिलेली साखर

परदेशात गेलं की माणसाचं मन घरी राहतं, असं लोक म्हणतात. मन राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. उभा जन्म कारकुनीत काढलेल्या माणसाचं मन तसंही कुठे फारसं उपयोगी पडत नाही. माझी मात्र साखर घरी राहिली. रक्तातली. मी इकडे, ती तिकडे, मध्ये अर्धी पृथ्वी; आणि तिकडे ती वेळच्या वेळी चहा घेत होती, दुपारी वामकुक्षी करत होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला विमान बाधलंय."

आधी यंत्राचं सांगतो. यंत्र म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची एक चकती, कोटाच्या बटणापेक्षा जराशी मोठी. तिच्या पोटात केसासारखी बारीक तार असते. ती कातडीखाली जाऊन बसते आणि दर थोड्या वेळाने साखर मोजून फोनला चुगली करते. फोनवर एक रेष पुढे पुढे सरकत राहते. खाल्लं की रेष चढते, पचलं की उतरते. ही चकती लावल्याशिवाय बाबांनी विमानात पाय ठेवायचा नाही, असा आमच्या लेकीचा परदेशातून हुकूम होता. लेकीचे हुकूम आमच्या घरात कोणी मोडत नाही, तिच्या आईचेही नाही, आणि माझे तर कोणी काढू देत नाही.

चकती लावण्याचा कार्यक्रम शेजारच्या मीटरसाहेबांच्या हस्ते झाला. मीटरसाहेबांची सगळी नोकरी वीजखात्यात, लोकांचे मीटर तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी कुणाच्या घरी गेले की आधी मीटरकडे बघतात, मग माणसाकडे. मधुमेह त्यांनाही आहे, माझ्यापेक्षा चार पायऱ्या वरचा. माझं गोळ्यांवर भागतं, त्यांना रात्री जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. सुई आपल्या घरी टोचून घ्यायची आणि जेवायला आमच्याकडे यायचं, असा बारा वर्षांचा रिवाज. मी चकती मागवतोय म्हटल्यावर त्यांनीही मागवली. "माणसाला मीटर हवाच," म्हणाले, "नाहीतर वापर कळत नाही."

आता घोळ इथे झाला. औषधांच्या दुकानदाराने बजावलं होतं, की एका चकतीला फोनवर एक खातं. आमच्या दोन घरांत मात्र एकाला एक असं काही नव्हतंच. वर्तमानपत्र एक, आधी ते वाचणार, मग मी. इंटरनेट एक, माझं. शिडी एक, त्यांची. माझ्या घराची जादा किल्ली त्यांच्या खिळ्याला आणि त्यांची माझ्या. इतक्या वर्षांच्या सहकारात दोन खाती काढणं आम्हाला उधळपट्टी वाटली, खातं फुकट असूनही. मीटरसाहेबांनी माझी चकती खात्याला जोडली, मग त्याच खात्याला आपली जोडली. दोन्ही फोनवर रेष उमटली. आम्ही एकमेकांकडे बघून समाधानाने मान हलवली.

रेषही अगदी शहाण्यासारखी वागत होती. सकाळी फिरून आलो की खाली, न्याहारी झाली की वर, चार वाजताच्या चहाला थोडी वर, रात्रीच्या जेवणाला चांगली टेकडी. फिरायला आम्ही बरोबर, चहाला बरोबर, जेवायला बरोबर. रेष मला फिट्ट बसत होती. मापं न घेता शिवलेला सदरा अंगात बरोबर बसला तर माणूस शिंप्याला प्रश्न विचारत नाही.

पहिला विचित्र प्रकार विमानतळावर झाला. चकतीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, की ही तपासणीच्या यंत्रातून नेऊ नये, हाताने तपासा म्हणावं. मी तसं म्हटलं. तिथल्या अधिकाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं. पत्र बायकोच्या पर्समध्ये. पर्स आणि बायको दोन्ही तपासणी उरकून काचेच्या पलीकडे पोचलेल्या, आणि बायको तिथल्या दुकानातल्या ओढण्या बघत होती. मी काचेतून हातवारे केले. तिने मला हसून हात केला.

मला पडद्याआड नेऊन सदरा काढायला लावला. बनियनला उजव्या काखेत भोक होतं. ते त्या दिवशी तिथे असणार हे मला सकाळी माहीत असतं तर मी दुसरं घातलं असतं. अधिकारी चकतीकडे लांबूनच बघत म्हणाला, "हे बंद करता येतं का?"

"नाही. ते सतत मोजत असतं."

"काय?"

"साखर. मी काय खाल्लं ते त्याला कळतं."

"आज काय खाल्लंत?"

"काही नाही. प्रवासात मळमळतं म्हणून सकाळपासून उपाशी आहे," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी फोन केकाटला. मधुमेह्याने भरपेट, शिवाय वरून गोड खाल्लं की तो तसा केकाटतो. अधिकाऱ्याने फोन बघितला, मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी अजून विसरलेलो नाही. खोटं बोलणारी माणसं त्याने रोज बघितली असतील, पण भोकाच्या बनियनवर उभं राहून जेवणाबद्दल खोटं बोलणारा मी पहिलाच असणार.

"खाल्लं असेल तर सांगा, आमची हरकत नाही," तो समजुतीने म्हणाला. मला ते फार लागलं. पोटात अन्नाचा कण नाही आणि रेष तर डोंगर चढते आहे. सदऱ्याची बटणं लावताना माझ्या अंगावर काटा आला होता. विमानात बसल्यावर मी ते थंडीवर ढकललं.

लेकीचं घर छान आहे. इतकं छान, की मला पहिल्या दिवसापासून तिथे घाबरायला झालं. रस्ता रुंद, स्वच्छ, आणि त्यावर एकही माणूस नाही. समोर ओळीने घरं, सगळी सारखी, खिडक्यांना पडदे, पडद्यांआड कोणी आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. दारं आपली आपण लागतात. आपण खोलीत गेलो की दिवा लागतो आणि आपण स्वस्थ बसलो की विझतो. बसलेला माणूस त्याच्या हिशेबी नसतोच. मी वर्तमानपत्र वाचताना मधूनमधून हात हलवायचो, मी आहे हे दिव्याला कळावं म्हणून. शिवाय ते उन्हाळ्याचे दिवस. सूर्य मावळायचं नावच घेत नाही. लेक आणि जावई कामाला गेले की त्या पांढऱ्या उजेडात आम्ही दोघं बसून असायचो आणि फ्रिज मध्येच सुस्कारा टाकायचा.

अशा घरात माझी रेष बिघडली. सकाळी मी भरपेट न्याहारी करावी, रेष शांत. दुपारी जेवावं, तर रेष त्याहून शांत, जवळजवळ सपाट. जावयाने आग्रहाने केकचा तुकडा वाढला, मी दोन खाल्ले, रेषेने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आणि सकाळी डोळे धड उघडायच्या आधी, तोंड धुतलेलं नसताना, फोन बघावा तर तिकडे चढाव. मग तासाभराने आणखी एक लहानसा उंचवटा.

मी तिकडच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. आमच्या घरी तेव्हा चार वाजत होते. म्हणजे चहा. मी इकडे अंथरुणात आणि माझं शरीर तिकडे चहा घेत होतं, आमच्या बाल्कनीत, आमच्या वेताच्या खुर्चीत. हे हसण्यावारी न्यायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण एक दिवस सबंध उपास करून बघितला. रेषेने न्याहारी केली, जेवण केलं, झोप काढली, चहा घेतला. मला पुसलंसुद्धा नाही. मग मी खात होतो ते कुठे जात होतं, हा प्रश्न मला आरशासमोर दाढी करताना पडला, आणि आरशातल्या माणसाकडे मी जरा निरखून बघितलं.

घरात डॉक्टर म्हणावा असा जावईच. दातांचा का होईना, डॉक्टर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी माझे दात तपासले. "दाढ एक ठिसूळ आहे," म्हणाला. "पण साखरेचं कारण ती नसावी." लेकीने मात्र मला दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या खिडकीशी बसलेल्या बाईने प्रवासाचा विमा मागितला. विम्यात आधीपासून असलेले आजार बसत नाहीत, असं ती म्हणाली. मधुमेह आधीपासूनचा आहे, पण तो माझ्याबरोबर आलेलाच नाही ही तक्रार नवीन आहे, असं मी लेकीकरवी तिला सांगितलं. लेकीने त्याचं भाषांतर केलं नाही. शेवटी पदरचे पैसे भरून आत गेलो.

आतल्या नर्सने बोटाला टोचून थेंब घेतला. दोनशे बारा. केक वसूल झाला होता. मग तिने माझा फोन बघितला. फोनवर शंभराच्याही खाली. थोडा फरक चालतो म्हणाली, एवढा नाही. तिने रेष मागे मागे सरकवत चार दिवसांची बघितली, कपाळाला आठी घातली आणि लेकीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"मी काय लहान आहे का? सांग."

"ती म्हणते, ही रेष आत्ता झोपलेल्या माणसाची आहे."

भर दुपार होती. मी खुर्चीत बसलो होतो, डोळे उघडे होते. नर्सने माझ्याकडे हसून बघितलं आणि चकती खराब असेल, घरी गेल्यावर बदला, असं सांगितलं. मी हो म्हणालो. पण गाडीत बसल्यावर मी माझी नाडी हाताने शोधून बघितली, आणि सापडेपर्यंत मला धीर नव्हता. मला भीती वाटत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मेलेल्या माणसाला आपण मेल्याचं कळत नसेल तर ते बहुधा असंच कळत नसेल. सगळे हसून बोलत असतील आणि दिवे विझत असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या आधी मी स्वेटर काढत होतो. उन्हाळ्यातही त्या घरात स्वेटर लागतो. स्वेटर चकतीला अडकला आणि चकती टचकन निघून जमिनीवर पडली. दंडावर रक्ताचा एक ठिपका. मी चकती उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली. एका परीने बरंच वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. सुट्टीचा दिवस होता, लेक आणि जावई घरात होते. आम्ही जेवायला बसलो.

जेवताना फोन हळूच किणकिणला. मी बघितला. रेष पुढे सरकली होती.

चकती टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी, उताणी. तिची तार हवेत. आणि रेष चालली होती. आणखी थोड्या वेळाने एक ठिपका पुढे. मग आणखी एक, जरा खाली. मी फोन सगळ्यांना दाखवला. जावयाने चकती उचलून उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली, ठेवताना जरा लांब ठेवली. एवढ्यात आम्ही सगळे निश्चल बसल्यामुळे वरचा दिवा विझला. लेकीने दचकून हात वर केला.

"तुम्ही बरे आहात ना?" बायकोने मला विचारलं आणि खात्री करण्यासाठी माझ्या मनगटाला हात लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती मला अशी चाचपून बघते आहे हे प्रथमच घडत होतं.

मग तिने चष्मा लावला आणि फोन स्वतःकडे घेतला. मी इतके दिवस रेष बघत होतो ती साखर म्हणून. तिने ती खाणं म्हणून बघितली. बारा वर्षं रोज ताट वाढलेली बाई. बोटाने मागे मागे सरकवत तिने एका जागी बोट थांबवलं. "हा चहा. आणि हा तासाभराने परत एक उंचवटा, हा काय आहे?"

"तेच तर मला कळत नाही."

"हे बिस्किट आहे," ती म्हणाली. "चहा झाला की तासाभराने चोरून खायचं बिस्किट. ही रेष तुमची नाही. हे भाऊजींचं खाणं आहे."

इतकं साधं होतं ते. मीटरसाहेबांनी आपली चकती नंतर जोडली, आणि खात्याने जी शेवटी जोडली तीच खरी मानली. माझी चकती पहिल्या दिवसापासून दंडावर नुसता दागिना होती. मी हसायला सुरुवात केली, इतकं हलकं वाटलं. मी जिवंत होतो, माझी साखर माझ्यापाशीच होती, आणि दोन केक तिने इमानदारीने धरून ठेवले होते. जावईही हसला. बायको हसली नाही. ती अजून बोट सरकवत होती.

"रात्रीचं जेवण कुठाय?" ती म्हणाली.

आम्ही बघितलं. परवाची रात्र, कालची रात्र, आजची रात्र. आम्ही निघाल्या दिवसापासून त्या रेषेला रात्रीचं जेवणच नव्हतं. सुईची वेळ झाली की रेष उतरायला लागायची आणि उतरत जायची. तिला वर उचलायला काही नव्हतं. रोज ती थोडी आणखी खाली जाऊन कशीबशी सावरली होती. आज ती सावरत नव्हती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती साठाच्या खाली गेली आणि फोन पहिल्यांदाच एका वेगळ्या आवाजात ओरडला, हलक्या, एकसुरी आवाजात. तिकडे रात्र होती. तो माणूस दार लावून एकटा झोपला होता.

मी फोन लावला. वाजत राहिला. मीटरसाहेब झोपताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवतात, झोपेत लहरी लागतात म्हणून. म्हणजे तिकडे त्यांच्या बाहेरच्या खोलीत अंधारात दोन आवाज होत असणार, एक माझ्या फोनचा आणि एक त्यांच्या साखरेचा, आणि ऐकायला कोणी नाही. परत लावला. चौपन्न. जावई म्हणाला, "पन्नासच्या खाली गेले तर शुद्ध जाऊ शकते. त्याखाली गेले तर…"

मग मी लेकीच्या फोनवरून आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना उठवलं. सेक्रेटरी सज्जन माणूस आहे, पण त्यांना नियमाबाहेर श्वासही घेता येत नाही.

"मीटरसाहेबांची साखर उतरली आहे, ताबडतोब वर जा," मी म्हणालो.

"तुम्ही कुठून बोलताय?"

"लेकीकडून. परदेशातून."

"मग त्यांची साखर तुम्हाला कशी कळली?"

"ती माझ्याकडे येते."

मी प्यायलो आहे का याचा ते विचार करत असावेत. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, भाऊजींचं काही बरंवाईट झालं तर मी आल्यावर तुमच्याशी बोलेन." ते वॉचमनला घेऊन वर गेले.

फोनमधून आम्हाला दार ठोठावल्याचं ऐकू येत होतं. मग घंटा. मग परत ठोठावणं. अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या, माझ्या स्वतःच्या जिन्यातला आवाज; त्या जिन्यात किती घुमतं ते मला माहीत आहे. आतून काही नाही. "किल्ली कुणाकडे असेल?" सेक्रेटरींनी विचारलं.

किल्ली माझ्या घरात खिळ्याला होती. माझ्या घराची किल्ली मीटरसाहेबांच्या घरात खिळ्याला होती. आणि दुसरी इथे, बायकोच्या पर्समध्ये, डॉक्टरांच्या पत्राशेजारी. बारा वर्षांत हा पेच आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आला नव्हता. वॉचमन म्हणाला, मीटरसाहेबांचं दार फुटणार नाही, आत लोखंडी जाळी आहे, किल्लीनेच उघडणारं तीन खिट्ट्यांचं कुलूप. मुळात माणूसच जपून राहणारा.

"माझं फोडा," मी म्हणालो. माझं दार गेल्या वर्षी केलेलं, जाड लाकडाचं, कोरीवकाम केलेलं. येणारा जाणारा त्यावरून हात फिरवतो.

"तोंडी चालणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पाण्याच्या टाकीचं काम तोंडीच ठरलं होतं, मग सगळे उलटले. लेखी द्या."

एकोणपन्नास. लेकीने फोन हिसकावून घेतला आणि टाइप केलं: माझे दार फोडण्यास माझी हरकत नाही. खाली माझं नाव. सेक्रेटरींनी ते वाचल्याचं आम्हाला ऐकू आलं, मोठ्याने, वॉचमनला साक्षीदार ठेवून. मग पहिला घाव बसला.

जेवणाचं ताट तसंच होतं. बाहेर रस्त्यावर तोच पांढरा उजेड, एक चिटपाखरू नाही. लेकीच्या फोनमधून माझं दार फुटत होतं, आणि माझ्या फोनवर रेष उतरत होती, आणि मधूनमधून आम्ही हलायचं विसरलो की दिवा विझत होता. मग ठिपका आला तो आकड्याशिवाय आला. आकड्याच्या जागी नुसता शब्द, 'अतिशय कमी'. यंत्राने मोजणं सोडून दिलं होतं. मी जन्मात कधी देव पाण्यात ठेवले नव्हते, तिथे ठेवले. बारा वर्षं जो माणूस माझ्या समोरच्या पाटावर जेवला, त्याचा शेवट मी एका रेषेवर बघत बसणार, हे मला सोसवत नव्हतं.

दार गेलं. किल्ली मिळाली. वॉचमन आत शिरला आणि सेक्रेटरी दारातून ओरडले, "घामाने भिजलेत. डोळे उघडे आहेत, पण ओळखत नाहीत."

जावयाने फोन घेतला. दातांचा डॉक्टर असा बोलताना मी पहिल्यांदा ऐकला. "गिळता येतं का बघा. पाणी द्या थोडं. गेलं खाली? मग त्यात साखर घाला, भरपूर. गिळेनासे झाले तर थांबायचं, कुशीवर वळवायचं. अँब्युलन्स बोलवलीत का?" चमच्याचा आवाज आला. पेल्यावर आपटणारा चमचा. सेक्रेटरी म्हणत होते, "घ्या साहेब, घ्या." नियमात न बसणारा इतका मऊ आवाज त्यांच्याकडे आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

रेष बराच वेळ तिथेच पडून राहिली. मग एक ठिपका आला, त्याला आकडा होता. मग दुसरा, जरा वर. बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली आणि लेक तिला थोपटत स्वतःच रडायला लागली. मी रडलो नाही, मी नुसता हात हलवत राहिलो, दिवा जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीटरसाहेब दवाखान्यातून बोलले. आवाज बारीक, पण तोच. माझ्या दाराबद्दल हळहळले, वर ते कुठे फोडायला हवं होतं ते सांगितलं. मग म्हणाले, "काल तुम्ही लगेच परत का गेलात?"

"कुठून परत?"

"आला होतात ना. दारात उभे होता. उठा, काहीतरी खा म्हणत होता. मी म्हटलं आत या, बसा. तर आत येईनात."

जावई म्हणतो, मेंदूला साखर मिळाली नाही की माणसाला काहीही दिसतं. पटण्यासारखं आहे. मी मीटरसाहेबांना तेच सांगितलं आणि विषय बदलला. मी काय घातलं होतं, एवढं मात्र मी त्यांना विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

जेवत का नव्हता, हेही त्यांना विचारलं. म्हणाले, "सुई विसरलो नाही हं एकदाही." मग म्हणाले, "एकट्यासाठी काय करायचं आता, सांगा." मी फोन बायकोकडे दिला. तिने त्यांना काही रागावून सांगितलं नाही. डॉक्टरांनी सुई कमी करून दिली आहे का ते विचारलं, खालच्या मजल्यावरून डबा यायची व्यवस्था केली, आणि डबा घेऊन येणाऱ्या बाईंचा नंबरही ठेवून घेतला.

लेकीने मला नवी चकती आणि स्वतंत्र खातं दोन्ही काढून दिलं. आता माझ्या फोनवर दोन रेषा आहेत. माझी मी फारशी बघत नाही; तिच्यावर केक दिसतो. मीटरसाहेब घरी आले त्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, आम्ही दोघं न्याहारी समोर ठेवून दुसरी बघत बसलो होतो. तिकडची जेवणाची वेळ झाली. टळली. रेष हलेना. मी फोन लावला.

"जेवलात का?"

"जेवलो की. मघाशीच. पोटभर."

आवाज अगदी सरळ होता. वीजखात्यात लोकांनी मीटरबद्दल जितकं खोटं सांगितलं असेल तितकं सगळं ऐकून तयार झालेला आवाज. मी रेषेकडे बघितलं. सपाट. तिथे कोणी जेवलेलं नव्हतं. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी," ती म्हणाली, "डबा उघडा आणि ताट वाढून घ्या. मी बसलेय."

मग खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग डब्याचं झाकण, मग ताटात काहीतरी पडल्याचं. ती फोन कानाला लावून बसून राहिली. आमच्यापुढची न्याहारी पार निवली. मी रेषेवरून नजर काढली नाही, आणि खूप वेळाने ती वर यायला लागली.